दाताची ओळख : दंतस्वच्छतेच्या शिक्षणाचा पाया

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेनिमित्त दंतविभागाच्या वतीने पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयात प्रत्येक रुपयाला दोन दावेदार असतात. एक आज दारात उभा असलेला रुग्ण आणि दुसरा उद्या येणारा. दंतविभागाच्या खर्चाची चर्चा निघाली की विश्वस्तांपैकी कोणी ना कोणी एक रास्त प्रश्न विचारतात. दंतस्वच्छतेचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींनी दातांची रचना, मुळांचे आकार, हिरडीखालचे कंगोरे यांचा एवढा अभ्यास कशासाठी करावयाचा? दात साफ करावयाचे तर हात बसला म्हणजे पुरे नाही का? बाहेर बाकावर रुग्ण ताटकळत असताना मेणाच्या वड्या, दातांच्या प्रतिकृती आणि सूक्ष्मदर्शक यांवर पैसा का घालवावा?

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिकपणे व सविस्तर द्यावे असे ठरविले. आजचे व्याख्यान म्हणजे ते उत्तर होय.

कामाचे स्वरूप

डेंटल हायजिनिस्ट हा शब्द अजून आपल्या समाजात रुळलेला नाही. पुष्कळ रुग्ण त्याला कंपाउंडर समजतात, काही जण धाकटा डॉक्टर समजतात. कायद्याने मात्र हे काम फार पूर्वीच निश्चित केले आहे. १९४८ च्या दंतवैद्यक अधिनियमात अशी व्याख्या केली होती की, जी व्यक्ती दंतवैद्य किंवा वैद्यकीय व्यावसायिक नसून दातांवरील कीटण काढते, दात स्वच्छ करते, त्यांना झिलई देते अथवा दंतस्वच्छतेचे शिक्षण देते ती डेंटल हायजिनिस्ट. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत केला. परंतु या कामाचा गाभा तोच राहिला आहे. एका हाताने साफ करणे आणि तोंडाने शिकविणे, अशी ही दुहेरी सेवा आहे.

या पेशाचा आरंभ अमेरिकेत झाला. कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट गावचे दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ साली आयरीन न्यूमन या आपल्या सहाय्यक महिलेला दात साफ करण्याचे शास्त्र शिकविले आणि १९१३ साली स्वतःच्या गॅरेजमध्ये या विषयाची पहिली शाळा उघडली. त्या शाळेतून बाहेर पडलेल्या स्त्रिया गावातील शाळांमध्ये जाऊन मुलांचे दात तपासू व स्वच्छ करू लागल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या गॅरेजमध्येसुद्धा विद्यार्थिनींना आधी शरीररचना शिकविली जाई आणि मग हातात हत्यार दिले जाई. हा क्रम तेव्हापासून आजतागायत बदललेला नाही आणि तो का बदलू नये, हेच मला आज सांगावयाचे आहे.

पनवेलपुरते बोलायचे तर शिक्षणाच्या दृष्टीने आपला तालुका आज भाग्यवान आहे. कामोठ्याला एम. जी. एम. दंत महाविद्यालय आहे, खारघरला वाय. एम. टी. दंत महाविद्यालय आहे आणि खारघरलाच टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन व उपचार केंद्र आहे. २०१६ साली पनवेल नगरपरिषदेची महानगरपालिका झाली, इमारती वाढल्या, दवाखाने वाढले. तरीही उरण, पेण, खालापूर, कर्जतकडून एस. टी. ने येणारा रुग्ण दाताच्या डॉक्टरकडे जातो तो दात काढण्याच्याच वेळी, ही परिस्थिती आपण सारे जाणतो. दात राखण्यासाठी डॉक्टरकडे जावयाचे असते हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगणारा माणूस तयार करणे हे या शिक्षणाचे प्रयोजन आहे.

एक दात, चार पदार्थ

आरशात दिसतो तो दाताचा केवळ माथा. त्याहून लांब असे मूळ हिरडीच्या आणि हाडाच्या आत असते. हा सारा दात चार पदार्थांचा बनलेला आहे.

सर्वांत बाहेर एनॅमल, म्हणजे दंतवल्क. मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ हाच. वजनाच्या सुमारे ९६ टक्के तो खनिजाचा असतो. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी दोन ते अडीच मिलिमीटर भरते आणि मानेकडे येता येता तो सुरीच्या धारेसारखा पातळ होतो. त्याच्या ठायी एक मोठे उणेपण आहे. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते. एनॅमल मात्र एकदा गेला की गेला. त्याला घडविणाऱ्या पेशी दात तोंडात उगवतानाच नाहीशा होतात. घर बांधून गवंडी कायमचे निघून जावेत, तसा हा प्रकार. लाळेतील खनिजे त्याच्या पृष्ठभागाची बारीकसारीक झीज भरून काढू शकतात, परंतु पडलेले खिंडार बुजवू शकत नाहीत.

त्याच्या आत डेंटिन, म्हणजे दंतिन. यात खनिजाचे प्रमाण सुमारे ७० टक्के. बाकी तंतुमय प्रथिन आणि पाणी. दाताचा मोठा भाग याचाच. डेंटिनमध्ये आरपार गेलेल्या अतिसूक्ष्म नलिका असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी. थंड पाणी लागताच दात शिवशिवतो तो या नलिकांमधील द्रव हलल्यामुळे. आपण ज्याला दात आंबणे म्हणतो, त्या तक्रारीमागेही पुष्कळदा उघडे पडलेले डेंटिनच असते.

मुळावर सिमेंटमचे आवरण. हे हाडासारखे, मऊसर आणि फार पातळ. दाताच्या मानेपाशी त्याची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. आणि सर्वांत आत दाताचा गाभा, ज्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. लोक त्याला 'नस' म्हणतात.

आता मूळ आणि हाड एकमेकांना चिकटलेले असतात काय? नाही. त्यांच्या मध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास फट असते आणि तीत असंख्य तंतू एका बाजूने सिमेंटममध्ये व दुसऱ्या बाजूने हाडात रोवलेले असतात. दात या तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. भाकरीच्या घासात खडा आला की क्षणार्धात जबडा थांबतो, कारण या तंतूंमधील संवेदना मेंदूला तत्काळ वर्दी देतात.

एनॅमल जिथे संपतो आणि सिमेंटम जिथे सुरू होतो ती रेषा म्हणजे दाताची मान. आमच्या विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त वेळ आम्ही या रेषेवर थांबवितो. पुष्कळशा दातांवर सिमेंटम एनॅमलवर थोडासा चढलेला असतो, काहींवर दोन्ही एकमेकांना नुसते टेकतात, आणि पाठ्यपुस्तकातील प्रचलित हिशेबाप्रमाणे दहातील एका ठिकाणी दोहोंच्या मध्ये फट राहून डेंटिन उघडेच असते. जन्मजात उघडे! अशा जागी बोथट बुद्धीने हत्यार फिरविले तर रुग्ण खुर्चीतून उठतो आणि पुन्हा येत नाही. बोटाला रेषेचा किंचित उंचवटा लागला, तर तो कीटणाचा आहे की दाताचा स्वतःचा, हे ओळखता आले पाहिजे. कीटण समजून दातच खरवडणारा हात रुग्णाची सेवा करीत नाही.

न दिसणाऱ्या जागेचे काम

येथे मी विश्वस्तांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. दात साफ करण्याचे अर्धे काम दिसते, अर्धे दिसत नाही. हिरडी आणि दात यांच्यामध्ये निरोगी अवस्थेतही एक ते तीन मिलिमीटर खोल खाच असते. रोग जडला म्हणजे ती खाच खोल होत जाऊन तिचा खिसा बनतो, पाच, सहा, कधी आठ मिलिमीटरचा. त्या खिशात मुळावर काळपट, घट्ट कीटण बसलेले असते. तिथे डोळा पोहोचत नाही. हत्याराच्या टोकातून बोटांना जे जाणवते तेवढ्यावर काम करावे लागते. वाचता न येणाऱ्याच्या हाती अंधारात पुस्तक द्यावे आणि उजेडात वाचता येणाऱ्याने ते बोटांनी वाचावे, या दोहोंत जेवढे अंतर, तेवढे अंतर मुळांचा आकार पाठ नसलेल्या आणि असलेल्या हातांत असते.

काही उदाहरणे देतो. वरच्या जबड्यातील पहिली उपदाढ घ्या. सुळ्याच्या बाजूच्या तिच्या अंगावर एक खोलगट पन्हळ असते आणि ती थेट मुळावर उतरते. दातांमधून दोरा ओढला तर तो या पन्हळीवरून पुलासारखा ताणून निघून जातो. आतला मळ तसाच राहतो. तिथे बारीक ब्रश लागतो. ज्या विद्यार्थ्याला ही पन्हळ ठाऊक नाही तो रुग्णाला मनःपूर्वक पण निरुपयोगी सल्ला देईल.

वरच्या दाढांना तीन मुळे असतात, खालच्या दाढांना साधारणतः दोन. मुळे जिथे फुटतात तिथे कमान तयार होते. हिरडी आणि हाड तिथपर्यंत खाली गेले की त्या कमानीत कीटण साठते. पहिल्या दाढेच्या या कमानीचे तोंड पुष्कळदा एक मिलिमीटरहूनही अरुंद असते आणि नेहमीच्या हत्याराचे पाते काही वेळा त्याहून रुंद. म्हणजे हत्यार आत शिरलेच नाही, आणि आपण मात्र सफाई झाली असे समजतो. वरच्या दाढेची पुढील बाजूची कमान टाळूच्या अंगाला जवळ असते, म्हणून तिथे टाळूकडूनच जावे लागते. गालाकडून कितीही खटपट केली तरी व्यर्थ. ही गोष्ट हाताला आपोआप कळत नाही. दाढ हातात घेऊन, उलटीपालटी करून, चित्र काढून ती शिकावी लागते.

खालचे पटाशीचे दात पाहा. त्यांची मुळे समोरून अरुंद, बाजूने चपटी आणि दोन्ही अंगांना उभ्या खोबणी असलेली. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे त्यांच्या मागेच उघडतात, म्हणून सर्वांत जास्त कीटण याच ठिकाणी जमते. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात कानाजवळच्या लाळग्रंथीची नलिका उघडते, म्हणून वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूला तोच प्रकार. रचना समजली की कीटण कोठे शोधायचे ते शोधण्याआधीच कळते.

यामुळेच आमच्या तबकात एकच हत्यार नसते. ग्रेसी नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्युरेटच्या संचात ११-१२ क्रमांकाचे हत्यार दाढांच्या पुढील बाजूसाठी आणि १३-१४ क्रमांकाचे मागील बाजूसाठी वाकविलेले असते. दाताचा प्रत्येक पृष्ठभाग निराळा असल्याखेरीज एवढी निरनिराळी हत्यारे कोणी घडविली नसती.

आपल्या परंपरेची साक्ष

हा विचार केवळ पाश्चात्त्य आहे असे कोणी समजू नये. सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांमध्ये 'दंतशर्करा' सांगितली आहे. हेच आपले कीटण. शस्त्रांच्या यादीत 'दंतशंकू' नावाचे एक शस्त्र येते, आणि ही शर्करा काढताना दातांच्या मुळांना इजा होऊ देऊ नये, असा स्पष्ट दंडक त्या ग्रंथात घातला आहे. काढण्याइतकेच महत्त्व न दुखविण्याला! मुळाला इजा करावयाची नाही तर मूळ कसे असते ते जाणणे क्रमप्राप्तच ठरते. ज्या पनवेलीत १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्री धूतपापेश्वर या आयुर्वेदीय औषधांच्या उद्योगाची मुहूर्तमेढ रोवली, त्या गावाला शास्त्राची ही शिस्त परकी वाटण्याचे कारण नाही.

'सफाईने दात हलतात'

आपल्या भागात सर्वांत खोल रुजलेला गैरसमज हा की, मशीनने दात साफ केले की ते हलू लागतात, त्यांत फटी पडतात. या एका समजुतीपायी किती माणसांनी आपले धडधाकट दात गमावले असतील, याची गणती नाही. केवळ 'असे काही नसते' असे सांगून हा समज जात नाही, कारण रुग्णाने ते स्वतः अनुभवलेले असते. साफ केल्यावर त्याच्या जिभेला खरोखरच फट लागते.

उत्तर दाताच्या रचनेत आहे. कीटणात वाढणाऱ्या जंतूंमुळे हिरडी सुजते, तंतू तुटतात, हाड खाली जाते. दात सैल झालेला असतोच. परंतु कीटणाचे ओझे शेजारच्या दातांना जोडून एक बांध तयार करते आणि सैलपणा लपवते. पडक्या भिंतीला माती लिंपून ती उभी दिसावी तसे. कीटण काढल्यावर जी फट दिसते ती नवी नसते, ती झाकलेली असते. सूज उतरल्यावर हिरडी आखडते आणि पूर्वीची हानी उघडी पडते. त्यानंतर मात्र तंतूंना सावरण्याची संधी मिळते आणि पुष्कळ दात पूर्वीपेक्षा घट्ट होतात. प्रतिकृती हातात घेऊन हे दाखविले की घरातील वडीलधारी मंडळीसुद्धा मान डोलवतात. दातांच्या कण्या करून जे साधत नाही ते एका प्रतिकृतीने साधते.

कारण कोणते आणि परिणाम कोणता, याचा निर्णय शास्त्राने केव्हाच लावला आहे. डेन्मार्कमधील संशोधक हराल्ड ल्यो आणि त्यांचे सहकारी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ निरोगी व्यक्तींनी दात घासणे पूर्णपणे थांबविले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू करताच त्या पूर्ववत झाल्या. हिरडीचा आजार वयाने किंवा नशिबाने येतो ही समजूत त्या प्रयोगाने मोडीत काढली. येथे मधुमेही रुग्णांच्या कुटुंबीयांना एक विनंती करतो. मधुमेह अनियंत्रित असला की हिरडीचा आजार बळावतो, आणि हिरडीचा आजार बळावला की रक्तातील साखर आवरणे कठीण जाते. दोन्हींकडे एकदमच लक्ष पुरवावे.

सहाव्या वर्षाची दाढ

आता घराघरात घडणाऱ्या एका नुकसानीबद्दल. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्या जागेवरून कोणताही दुधाचा दात पडलेला नसतो, म्हणून आईवडिलांच्या ती लक्षातच येत नाही. आली तरी 'दुधाचीच असेल, पडेल आणि नवी येईल' असे म्हणून तिच्यातील कीड दुर्लक्षिली जाते. ही दाढ कायमची आहे. तिची जडणघडण मुलाच्या जन्माच्या सुमारास सुरू झालेली असते आणि ती आयुष्यभर पुरावयाची असते. ती गेली की दुसरी येत नाही.

आमच्या केसपेपरवर आपण ३६ किंवा ७५ असे आकडे पाहिले असतील. ती सांकेतिक भाषा नव्हे. पहिला अंक जबड्याचा भाग दाखवितो, दुसरा मधल्या रेषेपासून त्या दाताचा क्रमांक. ३६ म्हणजे खालच्या डाव्या बाजूची पहिली कायमची दाढ. ७५ म्हणजे तिच्या लगेच पुढे असलेली दुधाची दुसरी दाढ. दोघी शेजारी, दिसायला बहिणी. एक दहाअकरा वर्षांच्या सुमारास पडावयाची, दुसरी जन्माची सोबत करावयाची. आमच्या विद्यार्थ्याला या दोघींमधला भेद डोळे मिटून सांगता आला पाहिजे. कारण तो ओळखण्यावर एका बालकाच्या पुढील पन्नाससाठ वर्षांचे चर्वण अवलंबून असते.

या दाढेच्या माथ्यावरील चिरा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही त्यांत शिरत नाही. कितीही घासले तरी तळाशी अन्न आणि जंतू राहतातच. तोंडातील आम्लता वाढून सामू ५.५ च्या खाली उतरला की एनॅमलमधील खनिज विरघळू लागते. दर तासाला बिस्किट किंवा चॉकलेट खाणाऱ्या मुलाच्या तोंडात ही अवस्था वारंवार येते. दाढ उगवल्याबरोबर तिच्या चिरा लेपाने बुजविल्या तर हे संकट पुष्कळ अंशी टळते. लेप लावण्यास सुई लागत नाही, कोरावे लागत नाही, वेदना होत नाही. वेळ साधावी लागते, एवढेच. म्हणून प्रत्येक पालकाने मुलाच्या सहाव्या वाढदिवसाच्या सुमारास त्याच्या तोंडात मागे डोकावून पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मशेरी आणि राखुंडी

ग्रामीण भागातून येणाऱ्या आमच्या मायबहिणींमध्ये मशेरी लावण्याची सवय अजून दिसते. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात स्वच्छ करण्यासाठी म्हणून सुरू होते आणि व्यसन होऊन बसते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पातळीवरील तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे आढळले. गुटख्यावर राज्याने २०१२ साली बंदी घातली, परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला बंदी कोण घालणार? तिथे समजावणेच उपयोगी पडते.

राखुंडी, कोळशाची पूड, विटेची पूड, जाडे मीठ हे पदार्थ एनॅमलपेक्षा मऊ असोत वा नसोत, दाताच्या मानेपेक्षा ते निश्चितच कठोर ठरतात. हिरडी खाली गेली की सिमेंटमचा तो विसाव्या मिलिमीटरचा पापुद्रा उघडा पडतो, तो घासून निघून जातो आणि डेंटिनमध्ये पाचरीच्या आकाराची खाच पडते. मग थंड पाणी सोसवत नाही. 'दात शिवशिवतो म्हणून मशेरी लावते' आणि 'मशेरी लावते म्हणून दात शिवशिवतो', असे हे दुष्टचक्र. ज्या विद्यार्थिनीला मानेची रचना कळली आहे ती रुग्ण भगिनीला रागावणार नाही. आरसा हाती देऊन ती खाच दाखवील, आणि त्याच वेळी गाल व जीभ यांवर न भरणारी जखम किंवा न पुसला जाणारा पांढरा चट्टा दिसला तर विलंब न लावता डॉक्टरांकडे धाडील. तोंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत हे काही आठवडे अमोल असतात.

अभ्यास कसा होतो

आता खर्चाचा हिशेब. विद्यार्थी प्रथम साबणाच्या वडीतून आणि मग मेणातून दात कोरतात. पटाशीचा दात, सुळा, उपदाढ, दाढ. पाहणाऱ्यास हा खेळ वाटतो. परंतु ज्याने स्वतःच्या हाताने पन्हळ कोरली त्याच्या बोटांना ती पन्हळ हिरडीखाली ओळखू येते. या वर्गाला लागणारी सामग्री महाग नाही. तिला वेळ मात्र लागतो आणि शिकविणारा शेजारी बसावा लागतो.

त्यानंतर खरे दात. उपचारासाठी काढलेले दात रुग्णाच्या संमतीने अभ्यासासाठी ठेवले जातात. त्यांवरील रक्त व मांस धुऊन ते ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केले जातात. पाऱ्याच्या मिश्रधातूने भरलेले दात मात्र तिथे घालीत नाहीत, कारण उष्णतेने पाऱ्याची विषारी वाफ होते. ते फॉर्मेलिनमध्ये ठेवावे लागतात. हा सर्व जैव-वैद्यकीय साहित्याचा विषय असल्याने त्याची नोंद व शिस्त पाळावी लागते. आपल्यापैकी अनेकांनी 'आमचा दात विद्यार्थ्यांच्या कामी येऊ द्या' म्हणून संमती दिली आहे. त्या दानाची पावती फाटत नाही, परंतु त्याचे मोल आम्ही जाणतो.

शेवटी मर्यादेबद्दल. रचना शिकली म्हणजे हायजिनिस्ट दंतवैद्य झाला असे नाही. निदान करणे, दात कोरून भरणे, काढणे हे त्याचे काम नव्हे. उलट, ज्याने रचना नीट शिकली आहे त्यालाच आपली सीमा नेमकी कळते. खिसा आठ मिलिमीटरचा लागला, दाढेच्या कमानीत हत्यार अडकले, दात उभ्या दिशेने दबू लागला, तर येथे आपला हात थांबवावा व वरिष्ठांना बोलवावे, हे त्याला समजते. अर्धवट शिकलेला हात थांबत नाही. खर्चाच्या दृष्टीनेही पाहावे. वेळेवर केलेल्या सफाईला जो वेळ व पैसा लागतो त्याच्या कितीतरी पट पुढे कवळीला, मूळ-उपचाराला, शस्त्रक्रियेला लागतो. आणि तो भार अखेरीस ज्याला सर्वांत कमी झेपतो त्याच कुटुंबावर पडतो.

म्हणून माझे उत्तर असे. दारातला रुग्ण आणि उद्याचा रुग्ण हे दावेदार खरे तर एकच आहेत. आज विद्यार्थ्याच्या हातातील मेणाचा दात नीट घडला तर उद्या रुग्णाच्या तोंडातील खरा दात राहील. विश्वस्तांनी या वर्गासाठी जागा व निधी यांची तरतूद पुढेही चालू ठेवावी. देणगीदारांनी प्रतिकृती, सूक्ष्मदर्शक आणि हत्यारांना धार लावण्याचे दगड यांसारख्या न दिसणाऱ्या गरजांकडेही लक्ष द्यावे. आणि रुग्णांच्या कुटुंबीयांनी शिकाऊ मुलामुलींच्या हाताखाली बसताना, त्यांच्या पाठीशी वरिष्ठ उभे आहेत हे ध्यानात घेऊन, थोडा धीर धरावा. त्यांना प्रश्न विचारावेत. 'माझ्या तोंडात कीटण कोठे आहे आणि ते तिथेच का साठते?' असा प्रश्न अवश्य विचारावा. समाधानकारक उत्तर मिळाले तर आपली देणगी कारणी लागली असे समजावे.